रोवणी, राऊंड आणि उड्या : चंद्रपूर-गडचिरोलीतील व्हॉलीबॉलची हंगामपूर्व तयारी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. शालेय क्रीडा स्पर्धा मात्र पावसाळ्यातच सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग नागपूर विभाग आणि त्यातून जे तरतील त्यांच्यासाठी राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत व्हॉलीबॉल खेळणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींच्या हातात त्यामुळे कागदावर सहा-आठ आठवडे येतात. यातले बरेच दिवस मातीच्या मैदानात पाणी साचलेले असते. काही दिवस धानाच्या रोवणीत जातात. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो आणि आश्रमशाळेतून घरी गेलेली मुले तिकडेच अडकतात. मग स्पर्धेची तारीख कळते, क्रीडाशिक्षक घाईने संघ गोळा करतात आणि उरलेल्या दहा-पंधरा दिवसांत सकाळ-संध्याकाळ सराव लावतात.

स्पर्धेआधीच्या या काळाला क्रीडाशास्त्रात हंगामपूर्व काळ म्हणतात. खेळाडूची शारीरिक क्षमता याच काळात घडते आणि वर्षभर पुरणाऱ्या दुखापतींचे बीही बहुतेक वेळा याच काळात पडते. गेल्या तीसेक वर्षांत यावर जगभर भरपूर संशोधन झाले आहे. त्यातले आपल्या कामाचे किती आणि परदेशी इनडोअर हॉलमध्येच ठेवून द्यावे असे किती, हे पाहण्यासाठी हा आढावा. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या दोन जिल्ह्यांतल्या खेळाडूंवर पडणारा भार कमी नाही. तो मोजला जात नाही आणि तो एकदम वाढतो, या दोन गोष्टींत खरी अडचण आहे.

आधी खेळाची मागणी पाहू. १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मैदानाच्या अर्ध्या भागात सहा जण. जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ आणि महिलांसाठी २.२४ मीटर. रॅली बहुधा दहा सेकंदांच्या आत संपते, मग तिच्यापेक्षा जास्त वेळ थांबणे, मग पुन्हा सर्व्हिस. यात सलग धावणे जवळजवळ नाहीच. आहे ते झटक्यात उडी मारणे, उतरणे, गुडघ्यात वाकून दोन पावले सरकणे, आणि हे सगळे दीड-दोन तास पुन्हा पुन्हा. तरीही आपल्याकडे सरावाची सुरुवात ‘मैदानाला दहा राऊंड मारा’ इथून होते. राऊंड मारल्याने दमसास थोडा वाढतो, शिस्तही लागत असेल, पण जाळीवर हात जाण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

याला स्थानिक कारणही आहे. इथला एकोणीस-वीस वर्षांचा व्हॉलीबॉलपटू बहुतेक वेळा ‘भरती’चाही उमेदवार असतो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. वनरक्षकाच्या परीक्षेत मुलांना ५ किलोमीटर. मैदान जवळ नसले की पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचे आणि संध्याकाळी जाळीवर उड्या मारायच्या. दोन्ही कामे एकाच पायांना. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० साली दाखवून दिले की जोरकस ताकदीचा व्यायाम आणि दमसासाचा व्यायाम भरपूर प्रमाणात एकत्र केला तर काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते आणि पुढे घटते. पुढच्या संशोधनाने या निष्कर्षाची धार थोडी बोथट केली. प्रमाण राखले, दोन सत्रांत अंतर ठेवले तर तोटा फारसा होत नाही. पण प्रमाण राखायला कुणीतरी दोन्ही सत्रे एका कागदावर मांडायला हवीत. भरतीचा सराव घेणारा वेगळा आणि व्हॉलीबॉलचा वेगळा असला की तो कागद कुणाकडेच नसतो. नोकरी देणारे धावणे सोडून खेळ निवडा, असे या पोरांना सांगण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही, मलाही नाही.

क्षमता मोजण्याची आपली पद्धतही या खेळाला धरून नाही. शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांमध्ये वर्षानुवर्षे अमेरिकेतली ‘आफर’ चाचणी वापरली जाते. ती १९५८ साली शाळकरी मुलांच्या सर्वसाधारण तंदुरुस्तीसाठी तयार झाली होती. आदिवासी आणि बिगरआदिवासी खेळाडू घ्यायचे, एकदा चाचणी घ्यायची, दोन सरासऱ्यांची तुलना करायची, हा साचा ठरून गेला आहे. त्यातून कोण किती तंदुरुस्त आहे हे एका दिवसापुरते कळते. सहा आठवड्यांच्या सरावाने त्याचे काय झाले, हे कळत नाही. ‘खेलो इंडिया’च्या शालेय मूल्यमापनात मोठ्या मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, पुश-अप, पोटाचे व्यायाम, बसून पुढे वाकणे आणि उंची-वजनाचे गुणोत्तर आहे. उभी उडी त्यात नाही. व्हॉलीबॉलच्या शिक्षकाला सर्वांत आधी जे कळायला हवे तेच तिथे सापडत नाही.

उभी उडी मोजायला यंत्र लागत नाही. डडली सार्जंट यांनी १९२१ साली मांडलेली उडीची चाचणी आजही भिंत, खडू आणि टेप यांवर भागते. उभे राहून हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी खूण, मधले अंतर ही उडी. दर सोमवारी तीन प्रयत्न, त्यातला चांगला आकडा वहीत. आश्रमशाळेच्या भिंतीवर हे सहज होते.

आता भाराकडे. प्रशिक्षणाचा भार मोजण्याची सर्वांत स्वस्त पद्धत अमेरिकेच्या कार्ल फोस्टर यांनी रूढ केली. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांच्या श्रमश्रेणीवर ही कल्पना उभी आहे. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्यांशी तिचा मेळ चांगला बसतो, हे अनेक खेळांत तपासले गेले आहे. फोस्टर यांनी आणखी एक मुद्दा मांडला. आठवड्याचा एकूण भार सारखाच असला तरी रोज सारखेच काम दिले, एकही दिवस हलका ठेवला नाही, तर आजारपणे वाढतात. आपल्या शिबिरांत हलका दिवस म्हणजे पावसाने दिलेली सुट्टी.

एक हिशेब मांडून पाहू. जुलैमध्ये एखादा संघ आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास खेळतो आणि मुले सरावाला ५ गुण देतात. रोजचे ३००, आठवड्याचे १५००. मग स्पर्धा जवळ येते. सहा दिवस, सकाळी एक तास ६ गुणांचा, संध्याकाळी दीड तास ७ गुणांचा. रोजचे ९९०, आठवड्याचे ५९४०. एका उडीत भार चौपट. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण ज्यांनी शालेय संघ बांधले आहेत त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत.

याच ठिकाणी ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांचे नाव येते. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल तर खेळाडू सुरक्षित पट्ट्यात, १.५ च्या वर गेले तर धोका, अशी मांडणी त्यांनी २०१६ च्या गाजलेल्या लेखात केली. जगभरच्या संघांनी ती उचलली. मग टीका झाली आणि ती रास्त होती. चालू आठवडा छेदातही येत असल्याने गुणोत्तर आपोआप दबते. वरच्याच उदाहरणात तीन आठवडे १५०० आणि चौथा ५९४० धरला तर चार आठवड्यांची सरासरी २६१० आणि गुणोत्तर सुमारे २.३ येते, आधीच्या तीनच आठवड्यांशी तुलना केली तर जवळजवळ ४. लोरेंझो लोली, फ्रांको इम्पेलिझेरी आदींनी दाखवलेले गणिती दोष वाचल्यावर या गुणोत्तरावर दुखापतीचे भाकीत कुणी करू नये, असे मला वाटते. ‘दीडच्या खाली आहे, चालू द्या’ असे म्हणणे तर धोकादायकच. पण भार एकदम वाढवू नका, हा त्यामागचा साधा विचार त्या टीकेतूनही शाबूत राहिला. आपल्या शिक्षकांना गुणोत्तराची गरजच नाही. गेल्या आठवड्याचा आकडा वहीत असला आणि या आठवड्याचा त्याच्या फार पुढे जाऊ दिला नाही, तरी पुष्कळ झाले.

परदेशी अभ्यासांत ‘सरावाबाहेरचा भार’ असा एक रकाना असतो आणि त्यात परीक्षा, प्रवास, झोप असे काहीबाही लिहिलेले असते. इथे त्या रकान्यात रोवणी येते. जुलै-ऑगस्टमध्ये गुडघाभर चिखलात कमरेत वाकून सहा तास. ३६० मिनिटांना मुलीने अवघे ४ गुण दिले तरी १४४० होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या जुलैच्या आख्ख्या आठवड्याच्या सरावाएवढे. अर्थात ही बेरीज शब्दशः घेऊ नये. फोस्टर यांची पद्धत लांबलेल्या कामाला जास्त वजन देते, आणि वाकलेल्या कंबरेचा थकवा व उडीने गुडघ्याखालच्या शिरेवर येणारा ताण या एका जातीच्या गोष्टी नाहीत. पण रोवणीहून आलेल्या मुलीला त्याच संध्याकाळी ‘आज अंग का उचलत नाही’ म्हणून रागावणाऱ्या शिक्षकाने हा गुणाकार एकदा करून पाहावा. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आणि मे महिन्यात तेंदूपत्ता हेही त्याच रकान्यात जाते. सुट्टीत मुले घरी आराम करून ढिली पडतात, असे समजून जूनच्या अखेरीस जोर लावणारे शिक्षक अर्धेच बरोबर असतात. मुलांनी श्रम केलेले असतात, उड्या मारलेल्या नसतात.

म्हणून उड्या वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि या विषयातले सर्वांत भक्कम काम नॉर्वेत झाले आहे. रोआल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण खेळाडूंच्या सराव-सामन्यांचे चित्रण करून ११,९४३ उड्या मोजल्या. मुलगे तासाला सरासरी ३५ हून जास्त उड्या मारत होते, मुली १४ च्या आत. गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखणे, ज्याला जगभर ‘जंपर्स नी’ म्हणतात, ते मुलांमध्ये जास्त का, याचे उत्तर यात काही अंशी मिळते. त्याच गटाच्या २००५ च्या पाहणीत नॉर्वेच्या अव्वल पुरुष व्हॉलीबॉलपटूंपैकी जवळजवळ ४५ टक्के जणांना हे दुखणे होते. २०१३ साली हावार्ड विस्नेस आणि बार यांनी खेळ-शाळेतल्या १४१ विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला; २८ जणांना नव्याने गुडघेदुखी झाली. आठवड्याचे सरावाचे तास वाढले की धोका वाढतच होता, पण सर्वांत जास्त वाढत होता तो आठवड्यात खेळलेल्या सामन्यांच्या सेटसंख्येने. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. दुखणे बरेचदा जास्त उंच उडणाऱ्यांनाच होते. ज्या पोरावर शिक्षकांची भिस्त, ज्याला प्रत्येक लिफ्ट दिली जाते, तोच स्मॅशर आधी बसतो.

हे निष्कर्ष आपल्या स्पर्धांना लावून पाहा. तालुका-जिल्हा पातळीवर वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी एक-दोन दिवसांत सगळे सामने उरकले जातात. जिंकत जाणारा संघ एकाच दिवशी तीन-चार सामने खेळतो. महिनाभर जेमतेम उड्या मारलेल्या पायांना दोन दिवसांत शेकडो उड्या. त्यात प्रवास. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर, पावसाळ्यातल्या रस्त्यांवरून. अशा संघाने आदल्या रात्री उशिरा पोहोचून सकाळी पहिला सामना खेळायचा आणि हरल्यावर ‘दुर्गम भागातली मुले कमी पडतात’ हे ऐकायचे. ती कुठे कमी पडली हे तपासायला हवे.

हंगामपूर्व सरावाने नेमके काय सुधारते? गॅबेट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या निवडक तरुण खेळाडूंना आठ आठवडे फक्त कौशल्यावर आधारलेला सराव दिला. पास, लिफ्ट, स्मॅश यांची अचूकता सुधारली, चपळाईही वाढली. उडीची ताकद आणि दमसास मात्र होता तिथेच राहिला. म्हणजे नुसते खेळत राहून पायांत जोर येत नाही. त्यासाठी वजन घेऊन बैठका, पायऱ्यांवरच्या उड्या, टाचा उचलणे हे वेगळे करावे लागते. वजनाला जिम हवीच असे नाही. पाठीवर वाळूची पिशवी चालते, जोडीदार खांद्यावर घेतला तरी चालतो. उतरायचे कसे हे मात्र शिकवावे लागते. गुडघे आत न झुकवता, दोन्ही पायांवर, आवाज न करता. हा भाग आपल्याकडे जवळजवळ कुणी शिकवत नाही.

ब्राझीलमध्ये २०१४ साली व्हिक्टर फ्रेटास आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंवरचा भार काही दिवस मुद्दाम वाढवून पाहिला. रक्तातली स्नायूंच्या झिजेची खूण वाढली, खेळाडूंनी स्वतः सांगितलेला थकवा वाढला, पण उडीची उंची घटली नाही. याचा अर्थ, वर सांगितलेली भिंतीवरची चाचणी एकटी पुरेशी नाही. उडी जागेवर असूनही शरीर आतून थकलेले असू शकते. खेळाडूला विचारावेच लागते, आणि इथे आपल्या समाजातली एक अडचण आडवी येते. आश्रमशाळेतला मुलगा सरांना ‘जड गेला’ असे म्हणत नाही. वसतिगृहात राहणारी, माडिया किंवा गोंडी घरची, मराठीत मुळातच कमी बोलणारी मुलगी तर नाहीच नाही. सगळ्यांसमोर विचारले तर आकडा नेहमी तीन-चारच येणार. त्यामुळे विचारणे एकेकट्याला हवे किंवा चिठ्ठीवर. दहा चेहरे काढलेला तक्ता भिंतीवर लावून बोट ठेवायला सांगितले तरी भाषेचा प्रश्न सुटतो.

उन्हाविषयी चंद्रपूरकरांना वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना भिडतो. उन्हाळी शिबिरे पहाटे घ्यावीत हे सगळे जाणतात, पण ताडोबाच्या आसपासच्या गावांत पहाट आणि संध्याकाळ या वाघ-बिबट्याच्याही वेळा आहेत. राहते ती आठ-नऊची वेळ, म्हणजे चढते ऊन. शरीराला उन्हात व्यायामाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि पहिले चार-पाच दिवस सर्वांत धोक्याचे, याविषयी संशोधकांत मतभेद नाहीत. पावसाळ्याबद्दल मात्र गैरसमज आहे. पारा तिशीवर येतो म्हणून धोका गेला असे वाटते. हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर तापतच राहते. उघडीप पडलेल्या दुपारी, ओल्या मैदानावर, दीड तास उड्या मारताना पाण्यासाठी थांबू न देणे ही शिस्त नव्हे.

रक्ताचा प्रश्न परदेशी आढाव्यांत तळटिपेत असतो, इथे तो पहिल्या पानावर हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला सरावाचा भार वाढवून दिला तर तिची क्षमता वाढत नाही, ती फक्त जास्त थकते. आणि शिक्षक त्याला आळस म्हणतात. लोहाच्या गोळ्या शाळेत येतात. त्या खाल्ल्या गेल्या का, हे विचारणे क्रीडाशिक्षकाच्या कामात धरले पाहिजे.

त्याहून नाजूक बाब सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोलीत हा आजार आहे हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच समोर आणले होते. विदर्भात आदिवासी आणि इतर काही समाजांत त्याचे वाहक लक्षणीय आहेत. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असलेल्या मुलाने काय खेळावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. ‘एएस’ म्हणजे वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्याला माहीतही नसते. पण अतिश्रम, उकाडा आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की त्याच्याही तांबड्या पेशी वाकड्या होऊ शकतात आणि स्नायू झपाट्याने नष्ट होऊन मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ येते. अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड सरावातल्या धावांनंतर कोसळला आणि मरण पावला. तो वाहक होता. त्यानंतर २०१० पासून तिथल्या अव्वल महाविद्यालयीन खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू नष्ट होण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकी सैन्यात तोवर पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा व्यायाम सगळ्यांनाच सक्तीचा झाला होता, हे लक्षात घेतले की निष्कर्ष स्पष्ट होतो. वाहक मुलाला संघातून काढायचे कारण नाही. सगळ्या संघाचाच भार हळूहळू वाढवा, पहिल्या आठवड्यात वेळ लावून धावा देऊ नका, आणि पाय ‘गळून गेले’ असे म्हणणाऱ्या मुलाला उठवून पुन्हा पळवू नका. पेटक्यात स्नायू दगडासारखा आवळतो आणि मूल ओरडते. सिकलसेलच्या त्रासात स्नायू मऊच राहतो आणि मूल गुपचूप बसते. हा फरक प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ असायला हवा.

गडचिरोलीत हिवतापही आहे, आणि तो नेमका याच महिन्यांत वाढतो. ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मैदानात हजर होणारी मुले सगळ्यांनी पाहिली आहेत. हिवतापात प्लीहा वाढलेली असू शकते. पोटावर सूर मारून बॉल उचलणाऱ्या खेळाडूसाठी तो गंभीर धोका आहे. डॉक्टरांनी पोट तपासल्याशिवाय त्याला खेळवू नये.

हे सगळे आपल्याला झेपणारे नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी याच भूमीतले उदाहरण आहे. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’त आश्रमशाळांमधले दहा विद्यार्थी एव्हरेस्टसाठी निवडले गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांतले पाच जण शिखरावर पोहोचले. बातम्या शिखराच्या झाल्या. मला त्याआधीच्या महिन्यांचे अप्रूप वाटते. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असे टप्पे, दर टप्प्यावर चाचणी, आरोग्य तपासणी, गाळणी, मग पुढचा टप्पा. थंडी आणि विरळ हवा यांची सवय शरीराला पायरी-पायरीने लावावी लागते हे तिथे कुणी नाकारले नाही, कारण नाकारले असते तर जीव गेला असता. व्हॉलीबॉलमध्ये फक्त गुडघा जातो, म्हणून तीच काळजी ऐच्छिक ठरते.

गावच्या प्रौढ संघांची कथा वेगळी. गडचिरोली पोलीस दल ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमातून १८५७-५८ च्या उठावातले गोंड जमीनदार वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवते. पोलीस ठाणे, उपविभाग, जिल्हा अशा पायऱ्यांनी अतिदुर्गम गावांचे संघ यात वर येतात. धान कापणी-मळणी आटोपल्यावरच्या या हंगामाला पूर्वतयारी अशी नसतेच. कापणी हीच तयारी. इथे गुडघ्यापेक्षा घोटे जास्त जातात. बार यांच्याच १९९७ च्या कामात दिसले होते की बहुतेक घोटे जाळीजवळ, ब्लॉक करून उतरताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडून मुरगळतात. उडीच्या आधीचे शेवटचे पाऊल लांब टाकायला आणि जाळीत घुसणे टाळायला शिकवले आणि एकदा मुरगळलेल्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, तेव्हा प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. यासाठी एक पैसाही लागत नाही. एका पायावर उभे राहून बॉल झेलणे, रोज पाच मिनिटे. मुरगळलेला घोटा चोळून दुसऱ्या दिवशी खेळणे मात्र थांबायला हवे.

महाविद्यालयीन संघ त्यामानाने बऱ्या स्थितीत आहेत. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत स्थापन झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांच्या खेळाडूंना स्वतःचा विद्यापीठ संघ मिळाला. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि ‘अश्वमेध’ ही राज्यातली आंतरविद्यापीठ स्पर्धा यांच्या आधी सराव शिबिरही होते. पण शिबिरात येणारे खेळाडू वेगवेगळ्या महाविद्यालयांतून, वेगवेगळ्या भाराने येतात आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच सराव मिळतो. शिबिराआधी प्रत्येकाने गेल्या चार आठवड्यांत काय केले, हे लिहून मागवणे अवघड नाही. या जिल्ह्यांना खरी गरज अशाच साध्या नोंदींच्या अभ्यासाची आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून गोंडवानापर्यंत शारीरिक शिक्षणाचे जे विद्यार्थी प्रबंध लिहितात, त्यांनी आदिवासी-बिगरआदिवासी सरासऱ्यांची आणखी एक तुलना करण्यापेक्षा एका आश्रमशाळेच्या एका संघाची जुलै ते नोव्हेंबरची वही भरावी. रोजची मिनिटे, गुण, उड्या, रोवणीचे दिवस, ताप, हिमोग्लोबिन, दुखलेली जागा. असा एक प्रबंध दहा तुलनांपेक्षा उपयोगी पडेल.

क्रीडाशिक्षकांकडून अपेक्षा वाढवताना त्यांच्या हातात काय आहे तेही पाहायला हवे. अनेकदा एकाच माणसावर सगळे खेळ, प्रार्थना, स्वच्छता आणि निवडणुकीची कामे असतात. त्यामुळे माझी पहिली मागणी शिक्षकांकडे नाही, कार्यालयांकडे आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी व्हॉलीबॉलच्या तालुकास्तरीय स्पर्धेच्या तारखा शाळा उघडण्याआधीच जाहीर कराव्यात आणि रोवणीचे आठवडे त्यांतून वगळावेत. एका संघाला एका दिवशी दोनपेक्षा जास्त सामने देऊ नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. खेळाडूंची हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी त्यांनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करावी आणि निकाल, पालकांच्या संमतीने, क्रीडाशिक्षकापर्यंत पोहोचवावा. यातल्या एकाही गोष्टीला नवे क्रीडा संकुल बांधावे लागत नाही.